रोपांत अंतर, माणसांत नव्हे



मृगाचे दोन पाऊस पडले आणि मातीचा वास सुटला की आपल्या वस्तीतल्या बायाबापड्यांना घरात बसवत नाही. डब्यातली, गाडग्यातली, माहेराहून पदराला बांधून आणलेली बियाणी बाहेर निघतात. घरामागे चार हात जागा असो, पत्र्याच्या भिंतीलगत थोडी पट्टी असो, नाहीतर तेलाचा रिकामा डबा असो, त्यात काहीतरी लावलेच पाहिजे असे वाटते. ही हौस चांगली आहे. पण पुढे भाद्रपदात त्याच जागेकडे पाहावे तर रान माजलेले असते, पाने ढीगभर आणि भाजी मात्र वाटीभर. असे का होते? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला आमच्या विहारामागच्या जागेने दिले. पहिल्या वर्षी ठेच लागली, दुसऱ्या वर्षी शहाणपण आले. ते आपल्या भगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून आज हा विषय घेतला आहे.

विहारामागची जागा

आमची वस्ती मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. विहाराच्या मागे 30 फूट लांब आणि 22 फूट रुंद अशी जागा बरीच वर्षे पडून होती. दगड, काटेरी झुडपे आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांचेच तिथे राज्य होते. महिला मंडळाने श्रमदान करून ती साफ केली. मधोमध 2 फुटांची वाट सोडली आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन असे 10 फूट बाय 10 फुटांचे सहा तुकडे पाडले. चिठ्ठ्या टाकून सहा घरांना ते दिले. या सहाही घरांच्या नावावर सातबाऱ्याचा उतारा नाही. जमीन कसणे माहीत होते, पण ते दुसऱ्याच्या जमिनीत.

पहिल्या वर्षी प्रत्येकीने आपल्या तुकड्यात सारे काही लावले. एका ताईंनी शंभर चौरस फुटांत वांग्याची चाळीस रोपे लावली, त्यांच्या मध्ये भेंडी टोचली, कडेने मिरची लावली आणि राहिलेल्या फटीत मेथी फेकली. दुसऱ्या ताईंनी तुकड्याच्या मधोमध दुधीचा वेल लावला. महिनाभरात त्या वेलाने दोन शेजारणींच्या वाफ्यांवर पांघरूण घातले. शेजारणीने वेलाचे शेंडे खुडले. त्यावरून बोलाचाली झाली, आणि एका वाटेने श्रमदानाला आलेल्या दोघी रविवारच्या वंदनेला विहाराच्या दोन टोकांना बसू लागल्या. इकडे वांग्याची रोपे उजेडासाठी एकमेकींच्या डोक्यावरून वर चढली, काडीसारखी बारीक झाली, मावा पडला, फुले गळली. चाळीस रोपांनी मिळून दोन वेळच्या कालवणापुरतीही वांगी दिली नाहीत.

तेव्हा वस्तीतल्या एक आजी विहाराच्या पायरीवर बसून म्हणाल्या, "बायांनो, मालकाच्या रानात सरकी लावताना दोरीची गाठ चुकली तर तो आपला रोज कापायचा. म्हणून कधी गाठ चुकली नाही. मग आपल्याच वाफ्यात दोरी कुठं गेली?"

हा प्रश्न आमच्या जिव्हारी लागला. दुसऱ्याच्या शेतात जन्मभर दोरी धरून अंतर मोजणारे हात स्वतःच्या वाफ्यात अंतर विसरले होते. विचार केला तर कारण सापडते. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या जमिनीपासून वंचित ठेवले गेले, त्या समाजाच्या बाईला मिळालेल्या जागेतली बोटभर जमीनही मोकळी सोडवत नाही. तिला आम्ही लोभी म्हणणार नाही. ती फार दिवसांची भूक आहे. पण रोपाला आपली भूक कळत नाही, त्याला त्याची जागा लागते.

दाटीने काय बिघडते?

रोपाला जमिनीखाली मुळ्यांसाठी आणि जमिनीवर पानांसाठी जागा हवी असते. दाटी झाली की तेवढ्याच मातीतले खत आणि पाणी दहाजणींत वाटले जाते आणि कुणाचेच पोट भरत नाही. एकाच्या पानाची सावली दुसऱ्यावर पडते, म्हणून रोपे जाड होण्याऐवजी उंच होतात. वारा खेळत नाही, पाने लवकर वाळत नाहीत, त्यामुळे करपा आणि भुरी यांसारखे रोग पसरतात. मावा, तुडतुडे एका रोपावरून दुसऱ्यावर सहज जातात. खुरपायला हात शिरत नाही, पानांखाली लपलेले किडके फळ दिसत नाही. म्हणजे चाळीस रोपांची मेहनत आणि सहा रोपांपेक्षाही कमी उत्पन्न!

परमपूज्य बाबासाहेबांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक इंग्रजी निबंध लिहिला होता. जमिनीचा तुकडा केवळ लहान आहे म्हणून तो तोट्याचा आणि मोठा आहे म्हणून फायद्याचा असे नसते. जमिनीला श्रम, भांडवल, साधने यांची जोड योग्य प्रमाणात मिळते की नाही, यावर ते ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या निबंधातला त्यांचा मुख्य उपाय शेतीवरचा जादा माणसांचा भार उद्योगांकडे वळवण्याचा, म्हणजेच औद्योगिकीकरणाचा होता, हे विसरून चालणार नाही. त्यांनी तो निबंध परसबागेसाठी लिहिला नव्हता. पण प्रमाणाचा विचार आमच्या शंभर चौरस फुटांनाही लागू पडला. जागा किती आहे हा पहिला प्रश्न नाही. तेवढ्या जागेत किती रोपे पोसतील हा पहिला प्रश्न आहे.

मोजपट्टी आपल्याच हातावर

फूटपट्टी घरात नसली तरी अडत नाही. वीत म्हणजे सुमारे 9 इंच, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात म्हणजे सुमारे 18 इंच, आणि चार बोटे म्हणजे सुमारे 3 इंच. प्रत्येकीचा हात सारखा नसतो, म्हणून शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून एकदा पट्टीने मोजून घ्यावे आणि सुतळीला गाठी मारून ठेवाव्यात. ती सुतळी मग सर्वांना चालते. आमच्या वाफ्यांत आम्ही धरलेले अंतर असे आहे:

वांगी: दोन्ही बाजूंनी 2 फूट. जमीन भारी असेल तर अडीच फूट.

मिरची: दोन्ही बाजूंनी एक हात.

टोमॅटो: दोन ओळींत 2 फूट, दोन रोपांत एक हात. प्रत्येक रोपाला काठीचा आधार हवाच.

भेंडी आणि गवार: दोन ओळींत एक हात, दोन झाडांत 1 फूट.

कोबी: दोन्ही बाजूंनी एक हात. फुलकोबीला दोन ओळींत थोडी जास्त जागा द्यावी.

मुळा आणि गाजर: दोन ओळींत 1 फूट, दोन रोपांत चार बोटे.

कांदा: दोन ओळींत 6 इंच, दोन रोपांत 4 इंच.

मेथी, पालक, चुका, कोथिंबीर: दोन ओळींत एक वीत. बी फेकू नये, ओळीत पेरावे.

दोडका आणि कारले: दोन वेलांत दोन हात. दुधी आणि भोपळा यांना चार हात.

चीवराची आठवण

विनयपिटकात एक कथा आहे. तथागत भगवान बुद्ध मगध देशातून प्रवास करीत असताना त्यांना भाताची खाचरे दिसली. बांध घालून, ओळीने, चौकोनात नीट विभागलेली ती शेते त्यांनी आनंदाला दाखवली आणि भिक्खूंचे चीवर अशाच रचनेचे करता येईल का असे विचारले. आनंदाने तसे चीवर तयार केले. आजही भिक्खूंच्या चीवरावर तुकडे जोडल्याच्या ज्या शिवणी दिसतात त्या त्या शेतांच्या बांधांची आठवण आहेत. कष्टकऱ्यांनी नीट आखलेले शेत तथागतांना इतके सुंदर वाटले की संघाने ते अंगावर घेतले. मग आपल्या हाताने आखलेला वाफा ओबडधोबड का असावा?

दहा बाय दहाची आखणी

दुसऱ्या वर्षी आजींच्या देखरेखीखाली आम्ही प्रत्येक तुकड्याची आखणी अशी केली. तुकड्याच्या दोन्ही कडांना अर्धा-अर्धा फूट सोडला. आत 4 फूट रुंद आणि 10 फूट लांब असे उत्तर-दक्षिण दोन वाफे केले आणि दोन्हींच्या मध्ये 1 फुटाची पायवाट ठेवली. हिशेब बरोबर दहा फुटांचा होतो. वाफा 4 फुटांपेक्षा रुंद नको, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. वाफ्यात पाय टाकला की माती दबते आणि मुळे गुदमरतात. भिंतीलगतचा वाफा असेल तर एकाच बाजूने हात घालता येतो, म्हणून तो 2 फुटांचाच करावा.

कडेच्या अर्ध्या फुटावरून सुरुवातीला कुरबुर झाली. "एवढी जागा वाया कशाला?" पण शेजारणीनेही तिच्या बाजूने अर्धा फूट सोडला आणि दोघींच्या मध्ये एक फुटाची पायवाट तयार झाली. दोघींनाही ती वापरता आली, कुणाचे काही हिरावले गेले नाही. मागच्या वर्षी एकमेकींशी न बोलणाऱ्या त्या दोघींच्या मध्येही हीच पायवाट आली. खुरपताना दोघी त्याच वाटेवर समोरासमोर बसू लागल्या, आणि बोलणे आपोआप सुरू झाले.

पहिल्या वाफ्यात उत्तरेकडील 6 फुटांत वांग्याची सहा रोपे आणि दक्षिणेकडील 4 फुटांत मिरचीची नऊ रोपे लावली. दुसऱ्या वाफ्यात उत्तरेकडील 5 फुटांत भेंडीची पंधरा झाडे ठेवली आणि उरलेल्या 5 फुटांत पालेभाजीच्या सहा ओळी आडव्या पेरल्या. उंच झाडे उत्तरेकडे ठेवण्याचे कारण असे की हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावली उत्तरेकडे लांब पडते. उंच झाड दक्षिणेला असेल तर लहान रोपे दिवसभर सावलीत राहतात. लागणीपूर्वी प्रत्येक वाफ्यात घमेलेभर चांगले कुजलेले शेणखत मिसळले.

वेलांना मात्र कुणाच्याही वाफ्यात जागा दिली नाही. उत्तरेचे 30 फुटांचे कुंपण सर्वांचे सामाईक ठरवले. त्यावर दोडका-कारल्याचे सहा आणि दुधीचे दोन असे आठच वेल सोडले. ज्या ताईंच्या दुधीवरून भांडण झाले होते, त्यांच्याकडेच वेलांची देखभाल दिली. कुंपणावरची भाजी सहा घरांना पाळीपाळीने मिळते.

नसलेली जागा शोधायची कशी?

एवढे अंतर सोडल्यावर बाकीच्या भाज्या लावायच्या कुठे, असे भगिनी विचारतील. जागा तीन ठिकाणी दडलेली असते.

पहिली जागा काळात आहे. वांग्याचे रोप लावल्यावर पहिला महिनाभर त्याच्या भोवतीची जमीन रिकामीच असते. पावसाचा जोर कमी असेल तर तेवढ्या काळात तिथे एक ओळ मेथीची किंवा मुळ्याची निघून जाते. मेथी महिनाभरात काढता येते, मुळा सुमारे दीड महिन्यात. वांगे पसरायला लागेपर्यंत पाहुणा घरी गेलेला असतो. मात्र पाहुण्याने मुक्काम वाढवू नये. दिवस भरले की उपटलेच पाहिजे. सहा ओळींची पालेभाजीही एकाच दिवशी पेरू नये. दर आठ-दहा दिवसांनी दोन ओळी पेरल्या तर एकदम ढीग येत नाही आणि रोज थोडी भाजी मिळते. भर पावसात मेथी सडते, त्या दिवसांत अंबाडी, तांदुळजा, चुका बरे.

दुसरी जागा उंचीत आहे. कुंपण, भिंत, बांबूचा मांडव ही वेलांची जमीन आहे. मांडवाखालची सावलीही वाया जात नाही. अळू, आले, हळद आणि पुदिना थोड्या सावलीत तग धरतात.

तिसरी जागा कडेला आहे. वाफ्याच्या वरंब्यावर कांदापात, लसूण लावता येतो. ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांनी पंधरा लिटरचा तेलाचा डबा घ्यावा, बुडाला भोके पाडावीत, माती व शेणखत भरून त्यात वांग्याचे किंवा मिरचीचे एकच रोप लावावे. मोह होतो, पण एका डब्यात एकच!

पौर्णिमांचा हिशेब

आपल्याकडे वेळापत्रक लक्षात ठेवण्याची सोपी सोय आहे. ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास वांगी-मिरचीचे बी रोपासाठी टाकावे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, तेव्हा रोपे वाफ्यात लावण्याजोगी झालेली असतात. भेंडीचे बी त्याच सुमारास जागेवरच टोकावे. श्रावण पौर्णिमेनंतर भेंडी सुरू होते, भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास वांगी. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो तेव्हा भेंडी उतरणीला लागलेली असते. ती काढून तिथे हिवाळी मेथी, गाजर, मुळा, कोबी घ्यावी. ज्या जागी यंदा वांगी, मिरची किंवा टोमॅटो होते, त्याच जागी पुढच्या खेपेला या तिघांपैकी काहीच लावू नये. ही एकाच कुळातली पिके आहेत आणि त्यांचे रोग मातीत मागे राहतात. तिथे चवळी, वाल, गवार अशी शेंगेची भाजी घ्यावी.

सर्वांत अवघड काम

सर्वांत अवघड काम कोणते असेल तर विरळणीचे. उगवलेले रोप आपल्याच हाताने उपटायचे म्हणजे जीव खालीवर होतो. आमच्या एका ताईंनी तर डोळे मिटून मुळ्याची रोपे उपटली! पण विरळणी केली नाही तर मुळ्याला पाला येतो, मुळा येत नाही. उपटलेले कोवळे रोप फेकायचे नाही. मुळ्याचा, माठाचा, पालकाचा कोवळा पाला त्याच दिवशी कढईत जातो. बी पेरतानाच ते कोरड्या वाळूत मिसळून पेरले तर दाटी कमी होते आणि उपटण्याचे दुःखही कमी होते. अति दाटही नको आणि अति विरळही नको. तथागतांचा मध्यम मार्ग वाफ्यातही लागू पडतो.

ताटात काय आले?

दुसऱ्या वर्षी सहा वांग्यांनी मागच्या चाळीस रोपांना लाजवले. आठवड्यातून दोन वेळच्या कालवणापुरती वांगी मिळाली, मिरची विकत आणावी लागली नाही आणि एक दिवसाआड पालेभाजी शिजू लागली. याचे मोल पैशात मोजून भागणार नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. घरात सर्वांना वाढून उरले तर खाणारी बाई या आकड्यात असणारच. पालेभाजी घरची असली की ती शेवटच्या ताटापर्यंत पोचते. सोबत लिंबाची फोड घ्यावी, त्यामुळे पालेभाजीतले लोह अंगी लागायला मदत होते. आणि ज्या भगिनींना चक्कर, धाप, थकवा जाणवतो त्यांनी भाजीवर विसंबून न राहता आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शंभर चौरस फुटांचा वाफा म्हणजे जमिनीचा हक्क नव्हे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 साली आणि पुन्हा 1964-65 साली भूमिहीनांनी जे सत्याग्रह केले, तुरुंग भरले, ते परसबागेसाठी नव्हते. तो प्रश्न वेगळा आहे आणि तो वाफ्याने सुटणार नाही. पण जी जागा हाती आहे ती नीट आखून, मोजून, एकमेकींना विचारून कसणे हे आपल्या हातात आहे.

अंतर हा शब्द आपल्या समाजाने फार वेगळ्या अर्थाने भोगला आहे. माणसाने माणसाला दूर उभे करण्याचे जे अंतर, ते मिटवण्यासाठी बाबासाहेबांनी आयुष्य वेचले. रोपारोपांतले अंतर त्याच्या उलट आहे. ते प्रत्येकाला वाढायला जागा मिळावी म्हणून सोडायचे असते. यंदा आमच्या विहारामागे पुन्हा सुतळी ताणली जाईल. तिचे एक टोक दुधी लावणाऱ्या ताईंच्या हातात आणि दुसरे टोक शेंडे खुडणाऱ्या ताईंच्या हातात असेल. आजी पायरीवर बसून गाठी मोजतील.

भगिनींनो, तुमच्याही वस्तीत विहारामागे, समाजमंदिराच्या कडेला अशी पडीक पट्टी असेल. येत्या पौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर घटकाभर थांबा, ती मोजा, आणि आधी सुतळीला गाठी मारा. बियाण्याचा डबा त्यानंतर उघडा.

नमो बुद्धाय, जयभीम!